पेट्रोलच्या वाफेचा डबा बदलताना : वाहनधारकांसाठी काही सूचना

उज्जैनच्या माधव नगरात, म्हणजे नित्याच्या बोलण्यातील फ्रीगंजात, राहणाऱ्या मराठी वाहनधारकांकडून उन्हाळा आला की एकच शंका वेगवेगळ्या शब्दांत विचारली जाते. गाडी घराखाली उभी केली की पेट्रोलचा वास येतो. ओळखीचे मिस्त्री क्षणभर वाकून पाहतात आणि ‘कॅनिस्टर गेला’ असा निवाडा देतात. अधिकृत कार्यशाळेत त्या भागाची किंमत ऐकून मन कचरते. सुट्या भागांच्या दुकानात मात्र तसाच दिसणारा डबा पुष्कळ कमी पैशांत मिळत असतो. आणि तेवढ्यात कोणी हितचिंतक सांगतो की तो डबा मुळी लागतच नाही, काढून टाका आणि नळीच्या तोंडात स्क्रू घालून मोकळे व्हा. यांपैकी कोणाचे ऐकावे, बाहेरचा भाग बसवल्यास गाडीची हमी जाते काय, आणि भाग निकृष्ट निघाल्यास दाद कोठे मागावी, हे आपले आपल्याला ठरवता यावे म्हणून पुढील मजकूर लिहिला आहे.

हा डबा काय करतो, एवढे आधी

पेट्रोल हे अत्यंत बाष्पनशील द्रव्य असल्यामुळे गाडी नुसती उभी असतानाही टाकीत त्याची वाफ होत राहते, आणि मे महिन्यात माळव्यातील दुपार ४० अंशांच्या पलीकडे गेली म्हणजे ती विशेष वेगाने होते. ही वाफ वाऱ्यावर न सोडता एका नळीवाटे क्रियाशील कोळशाच्या कणांनी भरलेल्या बंद डब्यात नेली जाते. कोळसा ती धरून ठेवतो. पुढे इंजिन चालू होऊन तापले की ‘पर्ज व्हॉल्व्ह’ नावाची विजेवर चालणारी झडप उघडते, डब्याच्या मोकळ्या तोंडातून बाहेरची हवा आत ओढली जाते, आणि त्या हवेबरोबर साठलेली वाफ इंजिनात जाऊन जळते. म्हणून डब्याला सामान्यतः तीन तोंडे असतात : एक टाकीकडे, एक इंजिनाकडे, एक हवेकडे.

यातून निर्णयाला लागणाऱ्या दोन गोष्टी निघतात. कोळसा या व्यवहारात खर्च होत नाही, रोज भरतो आणि रोज रिकामा होतो; त्यामुळे बहुतेक गाड्यांच्या देखभालीच्या तक्त्यात हा डबा ऑइल फिल्टरप्रमाणे ठराविक अंतराने बदलावयाचा भाग म्हणून दिलेला नसतो, आणि ‘पन्नास हजार किलोमीटर झाले, आता बदलाच’ एवढ्या कारणावरून तो बदलण्याचे प्रयोजन नाही. दुसरी गोष्ट अशी की, डब्याचे मोल त्याच्या आकारात नसून किती ग्रॅम वाफ तो धरू व पुन्हा सोडू शकतो या क्षमतेत असते, आणि ही क्षमता बाहेरून डोळ्यांना दिसत नाही. बाजारातील सगळा घोटाळा या न दिसण्यामुळे होतो.

डिझेलच्या आणि विजेच्या गाड्यांना हा डबा नसतो. पेट्रोलच्या मोटारींना तो पूर्वीपासून आहे. दुचाकींच्या बाबतीत भारत स्टेज-४ मानके १ एप्रिल २०१७ पासून सर्व नव्या गाड्यांस लागू झाल्यावर तो सार्वत्रिक झाला, आणि म्हणूनच जुन्या पिढीतील पुष्कळ दुचाकी-मिस्त्रींना तो अद्याप उपरा वाटतो.

खरेदीपूर्वी निदान

माझा आग्रह असा आहे की, भाग कोणता घ्यावा याचा विचार करण्यापूर्वी दोष डब्याचाच आहे याची खातरजमा करून घ्यावी. कारण पेट्रोलच्या वासाचे मूळ टाकीच्या झाकणाच्या चिरलेल्या रबरी कडीत, सैल झालेल्या क्लिपेत किंवा तडकलेल्या नळीत असणे फार संभवनीय आहे, आणि या तिन्हींची किंमत डब्याच्या मानाने क्षुल्लक असते. वास केव्हा येतो याची आपण आठवडाभर नोंद ठेवलीत, तर मिस्त्रींचे अर्धे काम होते.

वास केवळ टाकी काठोकाठ भरल्यानंतरच येत असेल, तर डब्यात द्रवरूप पेट्रोल शिरत असण्याचा संशय घ्यावा. उन्हात उभ्या असलेल्या गाडीला येत असेल, तर झाकण, नळ्या आणि मग डबा, असा क्रम ठेवावा. टाकीचे झाकण उघडताना मोठा फुत्कार होत असेल, किंवा पंपावर पेट्रोल भरताना नोझल पुन्हापुन्हा बंद पडत असेल, तर हवेचे तोंड तुंबले आहे असे समजावे. माळव्याच्या काळ्या मातीची बारीक धूळ उन्हाळाभर या तोंडाशी बसत जाते, आणि कुंभारीण माशी तर नळीच्या टोकात मातीचे घर करून ते पुरते बुजवून टाकते. असे तुंबलेले तोंड साफ करण्याने जो दोष जातो, त्यासाठी नवा डबा विकत घेतला जाणे हा निव्वळ अपव्यय होय. पेट्रोल भरल्याबरोबर गाडी सुरू होण्यास कुरकुर करीत असेल, किंवा उभ्या गाडीचे इंजिन अडखळत असेल, तर बहुधा पर्ज व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असतो.

त्या झडपेची परीक्षा सोपी आहे. इंजिन थंड असताना ते सुरू करून झडपेच्या डब्याकडील बाजूची नळी सोडवावी आणि त्या तोंडावर बोट धरावे. बहुतेक गाड्यांत थंड इंजिनाच्या वेळी तेथे ओढ जाणवू नये. जाणवली तर झडप बंद होत नाही, आणि दोष डब्याचा नसून तिचा आहे. अशा गाडीत गरजेपेक्षा अधिक वाफ इंजिनात जात असल्यामुळे प्रदूषण-तपासणीत कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण वाढलेले दिसू शकते, हेही ध्यानात असू द्यावे.

डबा खरोखर निकामी झाल्याची लक्षणे थोडी आणि स्पष्ट आहेत :

- हलवला असता आतून सुट्या कणांचा खडखडाट होतो, किंवा इंजिनाकडील नळीत काळी भुकटी सापडते.
- हाताला तो अकारण जड लागतो, किंवा तिरका केल्यास पेट्रोल अथवा पाणी ओघळते.
- टाकीकडील तोंडातून हातपंपाने सोडलेली हवा दुसऱ्या बाजूस मोकळेपणाने निघत नाही. (तोंडाने फुंकू नये, आणि ओढू तर मुळीच नये, आतील वाफेत बेन्झिन असते.)
- कवचाला तडा गेला आहे किंवा नळीचे तोंड तुटले आहे.

पाण्याची गोष्ट उज्जैनकरांनी विशेष मनावर घ्यावी. पावसाळ्यात क्षिप्रेला पूर येऊन रामघाटाकडील सखल रस्त्यांवर पाणी चढते. अनेक मोटारींत हा डबा मागील बाजूस टाकीजवळ, चाकाच्या उंचीच्या आसपास बसवलेला असतो, आणि अशा पाण्यातून गाडी नेली असता हवेच्या तोंडातून पाणी आत जाऊ शकते. पाण्याने भिजलेला कोळसा वाफ धरण्याच्या कामातून उठतो.

समोरच्या फलकावरील इंजिनाचा पिवळा दिवा लागला नाही, म्हणून डबा निर्दोष आहे असा निष्कर्ष काढू नये. भारत स्टेज-६ची दोषनिदानाची व्यवस्था युरोपीय धर्तीची असून ती मुख्यतः झडपेच्या विजेच्या जोडणीवर लक्ष ठेवते. नळीतून वाफ गळते आहे काय हे गाडीने स्वतः तपासावे, अशी अमेरिकी कायद्यासारखी सक्ती आपल्याकडे नाही. दिवा लागलाच, तर कार्यशाळेकडून दोषाचा क्रमांक लिहून घ्यावा. पी ०४४३ हा क्रमांक झडपेच्या विद्युत-मंडलाचा दोष दाखवतो. तो आला असता कोणी डबा बदलण्यास सांगितले, तर ‘का?’ असे विचारण्याचा आपणास पूर्ण अधिकार आहे.

बाजारात मिळणारे प्रकार आणि त्यांतील निवड

‘ओरिजिनल’ आणि ‘डुप्लिकेट’ या दोनच शब्दांत सर्व व्यवहार उरकण्याची वहिवाट असल्यामुळे ग्राहकाची दिशाभूल होते. वास्तविक प्रकार पाच आहेत, आणि त्यांच्यातील तफावत मोठी आहे.

पहिला, गाडीच्या निर्मात्याच्या वेष्टनात व त्याच्या भाग-क्रमांकाने येणारा डबा. गाडी हमीच्या मुदतीत असेल, तर दुसरा विचार करू नये.

दुसरा, निर्मात्याला हे डबे पुरवणाऱ्या कारखान्याने स्वतःच्या नावाने खुल्या बाजारात आणलेला. हमी संपलेल्या गाडीला हा घेण्यात कोणतीही उणीव नाही; पण ‘हाच कारखाना कंपनीला माल देतो’ असे दुकानदाराने सांगणे आणि वेष्टनावर त्या कारखान्याचे नाव-पत्ता छापलेला असणे यांत अंतर आहे. दुसरे असेल तरच पहिले मानावे.

तिसरा, मूळ पुरवठ्याशी संबंध नसलेल्या परंतु नाव-गाव सांगणाऱ्या उत्पादकाचा. जेथे पेच पडतो तो हाच प्रकार. मूळ भाग-क्रमांकाचा स्पष्ट उल्लेख, गाडीच्या नमुन्याचा व उत्पादन-वर्षाचा निर्देश आणि लेखी हमी, ही तिन्ही असतील तर जुन्या गाडीसाठी तो स्वीकारण्यास हरकत नाही. यांतील एकही कमी असेल, तर स्वस्ताईला भुलू नये; कारण कोळसा हलक्या प्रतीचा असल्यास तो थोड्याच दिवसांत भुकटी होऊन पर्ज व्हॉल्व्हमध्ये जातो, झडप अडकते, आणि वाचवलेल्या पैशांहून अधिक पैसे दुसऱ्या भागावर जातात.

चौथा, ‘कोणत्याही गाडीला चालतो’ असे सांगून विकला जाणारा. टाकीचे आकारमान, नळ्यांचा व्यास आणि झडपेची वेळ ही प्रत्येक गाडीत निराळी असताना सर्वांना चालणारा डबा ही कल्पनाच सदोष आहे. लहान क्षमतेचा डबा थंडीत निभावतो आणि वैशाख येताच ओसंडू लागतो. ग्राहक मात्र डिसेंबरात घेतलेला भाग ‘चांगला चालला’ म्हणून निर्धास्त असतो.

पाचवा, भंगारातील गाडीचा काढलेला. तो किती वेळा पेट्रोलने भिजला, किती वर्षे उघड्या तोंडाने पडून धूळ-पाणी पीत राहिला, हे कळण्यास मार्ग नाही. हा घेऊच नये असे माझे स्पष्ट मत आहे.

दुकानात पडताळावयाच्या गोष्टी

जुना डबा काढला असल्यास बरोबर न्यावा; नसल्यास त्यावरील ठशाचे व तोंडांचे छायाचित्र न्यावे. गाडीचे नाव सांगणे पुरेसे नाही, कारण एकाच नावाच्या गाडीत भारत स्टेज-४ आणि भारत स्टेज-६ यांचे डबे भिन्न असू शकतात. नोंदणी प्रमाणपत्रावरील चासी क्रमांक व उत्पादनाचा महिना-वर्ष दिल्यास भाग-क्रमांक निश्चित करता येतो.

- भाग-क्रमांक जुन्याशी किंवा निर्मात्याच्या सूचीशी अक्षरशः जुळतो काय.
- तोंडे तितकीच, त्याच व्यासाची व त्याच दिशेची आहेत काय. झडप डब्यातच बसवलेली असल्यास विजेची जोडणी तीच आहे काय.
- आवेष्टित वस्तूंच्या २०११च्या नियमांप्रमाणे उत्पादकाचे अथवा आवेष्टकाचे नाव-पत्ता, महिना-वर्ष, करांसह कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला आहे काय.
- तोंडांवर टोप्या बसवलेल्या आहेत काय. हलवल्यास आवाज येतो काय. नव्या डब्यात खडखडाट असेल, तर तो तेथेच परत करावा.

डब्याबरोबर नळ्या बदलावयाच्या असल्यास त्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलला टिकणाऱ्याच घ्याव्यात. २०२५ साली देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत गेले आहे, आणि २०२३पूर्वी बनलेल्या अनेक गाड्यांच्या रबरी भागांचा विचार या प्रमाणासाठी झालेला नव्हता. मीटरवर कापून मिळणारी साधी रबरी नळी काही महिन्यांत मऊ पडते किंवा चिरते, आणि वास पुन्हा सुरू झाल्यावर दोष नाहक नव्या डब्यावर जातो.

‘काढूनच टाका’ या सल्ल्याविषयी

हा सल्ला देणारे इसम बहुधा दुष्ट हेतूने देत नाहीत. डबा काढल्यावर गाडी चालते, म्हणून तो निरुपयोगी होता असा त्यांचा प्रामाणिक समज असतो. परंतु तो घातक आहे, आणि तो का घातक आहे हे मला थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे.

नळीचे तोंड उघडे सोडले, तर टाकीतील वाफ थेट घराच्या आवारात पसरते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती वर उडून न जाता जमिनीलगत साचते. जिन्याखाली दुचाकी ठेवणाऱ्या, किंवा स्वयंपाकघराला लागून पडवीत मोटार उभी करणाऱ्या घरात याचा अर्थ काय होतो, हे निराळे सांगावयास नको. नळीचे तोंड स्क्रू घालून बुजवले, तर उलट संकट : दुपारी टाकीत दाब वाढतो, रात्री थंडाव्याने आणि प्रवासात पेट्रोल खर्च होत गेल्याने आत निर्वात होऊ लागतो, पेट्रोल-पंपावर ताण येतो, आणि पातळ पत्र्याची टाकी आत ओढली जाण्यापर्यंत पाळी येऊ शकते. झाकणातील सुरक्षा-झडप हा प्रसंग काही काळ टाळते. पण तिच्यावर कायमचे ओझे टाकणे हे शहाणपणाचे नव्हे.

कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतरच्या कलम १८२-अ अन्वये परवानगीबाहेरचा फेरबदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. आणि कलम १९०(२) अन्वये वायुप्रदूषणाच्या मानकांचा भंग करणारे वाहन सार्वजनिक जागी चालवल्यास पहिल्या अपराधासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, आणि शिवाय तीन महिने अनुज्ञप्तीची अपात्रता अशी तरतूद आहे. समान क्षमतेचा बदली डबा बसवणे ही दुरुस्ती होय, फेरबदल नव्हे. डबा काढून टाकणे मात्र फेरबदलाच्या सदरात जाते.

यावर काही वाहनधारक विचारतात की, डबा काढूनही प्रदूषणाचा दाखला बिनदिक्कत मिळाला, मग हरकत काय? हरकत अशी की, ती तपासणी केवळ सायलेन्सरमधून निघणाऱ्या धुराची असते. टाकीतून उडणारी वाफ मोजण्यासाठी अख्खी गाडी बंद कक्षात ठेवावी लागते, आणि अशी चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेत नव्या नमुन्याच्या मंजुरीच्या वेळी होते, चौकातील तपासणी-केंद्रात नव्हे. दाखला मिळणे हा डब्याच्या अनावश्यकतेचा पुरावा नाही. शिवाय उद्या गाडीला आग लागली, तर इंधनाच्या मार्गात केलेला हा फेरबदल विमा कंपनीच्या हाती आपणहून दिलेले कारण ठरू शकेल.

बसवण्याच्या दिवशी

काम मिस्त्रींनी करावयाचे असले, तरी आपण समोर उभे राहून पुढील गोष्टींचा आग्रह धरावा. टाकी अर्ध्याहून रिकामी असावी, इंजिन पूर्ण थंड असावे, जागा उघडी असावी, आसपास वेल्डिंग, विडी-सिगारेट किंवा ठिणगी नसावी. बॅटरीचा ऋण ध्रुव आधी सोडवावा. प्रत्येक नळी काढण्यापूर्वी तिच्यावर खूण करावी. टाकीची आणि इंजिनाची नळी परस्परांत बदलली गेल्यास नवा डबा पहिल्याच दिवशी काम करीनासा होतो, आणि हा प्रमाद दिसतो त्यापेक्षा पुष्कळ अधिक घडतो.

जुन्या डब्यातील कोळसा फुटलेला असेल, तर इंजिनाकडील नळी हवेने स्वच्छ करून पर्ज व्हॉल्व्ह तपासल्याशिवाय नवा डबा जोडू देऊ नये. जुन्या क्लिपा पुन्हा वापरू नयेत. हवेचे तोंड मोकळे, खाली झुकलेले आणि चाकाच्या चिखलापासून दूर राहील, तसेच कोणतीही नळी सायलेन्सरला टेकणार नाही, हे पाहावे. मोटारीत नंतर सीएनजी संच बसवलेला असेल, तर त्या वेळी या व्यवस्थेची एखादी नळी सुटली किंवा वळवली गेली नाही ना, हेही याच वेळी पाहून घ्यावे.

काढलेला डबा पेट्रोलच्या वाफेने भारलेला असतो. तो शेगडीवर किंवा हीटरपुढे वाळवून पुन्हा वापरण्याचा प्रयोग कोणी सुचवल्यास ठाम नकार द्यावा. घरच्या कचऱ्यात टाकू नये. आणि तक्रारीची शक्यता मिटेपर्यंत आपल्या ताब्यात, पण घराबाहेर सावलीत ठेवावा.

नवा डबा दीर्घकाळ टिकवण्याचा एकच उपाय आहे, आणि त्याला पैसा पडत नाही : पंपावरील नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडले की थांबावे. ‘राउंड फिगर’साठी वर घातलेले अर्धा-पाऊण लिटर पेट्रोल वाफेच्या नळीतून थेट कोळशात उतरू शकते. दुचाकी काठोकाठ भरून बाजूच्या स्टँडवर उन्हात उभी ठेवण्यानेही हेच होते.

हमी जाते काय?

प्रथम मालक-पुस्तिका उघडावी. अनेक निर्माते सर्वसाधारण हमीखेरीज ‘उत्सर्जन हमी’ निराळी देतात आणि तिच्यात समाविष्ट भागांची यादी छापतात; आपला डबा त्या यादीत व मुदतीत असेल, तर तो विनामूल्य बदलून मिळण्यास आपण पात्र असू शकता आणि बाजारात जाण्याचे कारणच उरत नाही. २०२४पासून भरणाऱ्या येथील विक्रम व्यापार मेळ्यात मार्ग-कराच्या ५० टक्के सवलतीमुळे ज्यांनी गाड्या घेतल्या, त्यांपैकी पुष्कळांची हमी अजून चालू असेल. त्यांनी तर हे आधी पाहावे. विक्रेता दुसऱ्या शहरातला असला, तरी हमी निर्मात्याची असते.

बाहेरच्या गॅरेजात पाऊल टाकताच सर्व हमी रद्द होते, हा समज मात्र सोडून द्यावा. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार-निर्मात्यांना सुट्या भागांचा खुला बाजार अडवल्याबद्दल एकूण २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावताना असे निर्देश दिले की, ग्राहक स्वतंत्र दुरुस्तीकाराकडे गेला एवढ्यावरून सरसकट हमी रद्द करण्याची अट घालू नये. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच हमी नाकारता येईल. या हुकुमाविरुद्ध निर्माते अपिलात गेले आणि प्रकरण पुष्कळ काळ लांबले, म्हणून आपण तो हातात घेऊन कार्यशाळेत भांडावयास जावे असे मी सुचवणार नाही. पण ‘हमी गेली’ असे कोणी तोंडी सांगितल्यास कोणत्या अटीनुसार आणि कोणत्या भागापुरती, हे लेखी मागावे. बहुतेक वेळा तोंडी नकार जेवढा ठाम असतो तेवढा लेखी राहत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी सुरू केलेल्या ‘राइट टू रिपेअर’ संकेतस्थळावर मोटारींचाही समावेश आहे, आणि सहभागी निर्मात्यांच्या दुरुस्ती व हमीविषयक अटी तेथे पाहता येतात.

पावती आणि तक्रार

पक्क्या पावतीवाचून भाग घेऊ नये. ‘बिल हवे असेल तर कर वेगळा लागेल’ या वाक्याला बळी पडू नये; २२ सप्टेंबर २०२५पासून वाहनांच्या सुट्या भागांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे, आणि वेष्टनावरील कमाल किंमत सर्व करांसह असते. पावतीवर उत्पादकाचे नाव, भाग-क्रमांक, हमीची मुदत आणि गाडीचा क्रमांक लिहून घ्यावा. मिस्त्रींच्या पावतीवर मजुरी निराळी व त्या दिवशीचे किलोमीटर. भाग आपण आणून दिला आणि बसवला दुसऱ्याने, तर बिघाडानंतर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. म्हणून शक्य तेथे भाग व मजुरी एकाच ठिकाणी घ्यावी, मग थोडे पैसे अधिक गेले तरी चालेल.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तसेच सदोष माल पावतीतील मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसल्यास ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे हीही. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असा शिक्का मारल्याने सदोष मालाविषयीची ही जबाबदारी टळत नाही.

दाद मागण्याचा क्रम असा ठेवावा. आधी दुकानदारास व उत्पादकास लेखी कळवावे, जुना व नवा डबा, पावत्या आणि दुसऱ्या एखाद्या गॅरेजचा अभिप्राय जपून ठेवावा. उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करावी. पुष्कळ प्रकरणे तेथेच मिटतात. न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार रुजू करावी. दुकान इंदूरचे असो की माल दिल्लीहून मागवलेला असो, आपण जेथे राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यातच, म्हणजे उज्जैनलाच, ती दाखल करण्याची मुभा कायद्याने आपणास दिली आहे. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही, वकील देण्याची सक्ती नाही, आणि ‘ई-जागृती’ या शासकीय संकेतस्थळावरून तक्रार घरबसल्या पाठवता येते. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः रिक्षा किंवा टॅक्सी चालवणारा मालकही या कायद्यापुरता ग्राहकच असतो. गाडी धंद्याची आहे म्हणून त्याने मागे हटण्याचे कारण नाही. दोष प्रयोगशाळेतील परीक्षेवाचून ठरण्यासारखा नसेल, तर आयोग वस्तूचा नमुना तेथे पाठवू शकतो, आणि याच कारणास्तव तो निकामी डबा फेकून न देण्याविषयी वर लिहिले आहे. तक्रारीची मुदत कारण उद्भवल्यापासून दोन वर्षांची आहे.